पिशवीतले कागद

ठाणे जिल्ह्यातल्या पूर्णा गावच्या नाक्यावर सकाळी साडेसहालाच कंटेनरची रांग लागते. त्या रांगेच्या कडेला आठवड्यातून दोनदा तरी एक बाई ठाण्याच्या शेअर रिक्षाची वाट बघत उभी असते. कडेवर पाच वर्षांचा मुलगा. त्याचे पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, त्यामुळे त्याला आईच्या कमरेला विळखा घालता येत नाही. तिलाच दोन्ही हातांनी त्याला तोलून धरावं लागतं. मग पिशवी मनगटात अडकवायची. साडीच्या दुकानातली जाड पिशवी, बंद दोनदा शिवलेले.

एकदा रिक्षात तिने ती उघडली तेव्हा मी आतलं सगळं पाहिलं. बाळंतपणाच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. बाळ उशिरा रडलं आणि नऊ दिवस काचेत ठेवलं, एवढा त्याचा अर्थ तिला पाठ आहे. एमआरआयची फिल्म, ईईजीचा रिपोर्ट, कानाच्या बेरा टेस्टची चिठ्ठी, फिजिओथेरपीचं दुमडून मऊ झालेलं कार्ड, चार दवाखान्यांचे चार केसपेपर आणि दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्धा भरलेला अर्ज. तिला इंग्रजी वाचता येत नाही. कुठल्या डॉक्टरपुढे कुठला कागद ठेवायचा हे ती रंगावरून आणि घडीवरून ओळखते.

या मुलाच्या प्रकृतीची संपूर्ण माहिती महाराष्ट्रात फक्त त्या पिशवीत आहे. पिशवी लोकलमध्ये विसरली तर पाच वर्षं गेली.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला एका डॉक्टरने भागत नाही. आकडीसाठी मेंदूविकारतज्ज्ञ, पायांसाठी फिजिओ आणि हाडांचे डॉक्टर, बोलण्यासाठी स्पीच थेरपी, त्याआधी कानांची तपासणी, मग डोळे, गिळण्याची अडचण, वजन आणि शेवटी शाळा. पूर्ण्याहून निघालं की यातलं प्रत्येक ठिकाण वेगळ्या दिशेला आणि वेगळ्या वारी. लहान मुलांसाठी परळचं वाडिया, पुनर्वसनासाठी हाजी अलीची १९५५ पासूनची राष्ट्रीय संस्था, कानांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था. या संस्थांनी हजारो मुलांना उभं केलं आहे, बोलतं केलं आहे. पण तिथे पोचायचं म्हणजे कशेळीच्या पुलावरची कोंडी, ठाणे स्टेशन, दादरचा जिना, आणि कडेवर हा मुलगा. नवरा गोदामात हमाली करतो. तो सोबत आला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती एकटीच जाते.

प्रवासाचे हाल दिसतात तरी. त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. मध्यंतरी या मुलाचं आकडीचं औषध वाढवलं गेलं. आकडी थांबली, पण मूल दिवसभर पेंगू लागलं. ही औषधं अनेक मुलांना गुंगी आणतात, त्यात नवल नाही. फिजिओच्या कार्डावर मात्र ‘सहकार्य करत नाही’ अशी नोंद झाली. अंगणवाडीत ‘झोपूनच असतो, आणू नका’ म्हणाले. दोन महिन्यांत पाय आणखी आखडले. औषध देणाऱ्याला व्यायाम बंद पडल्याचं माहीत नव्हतं, व्यायाम घेणाऱ्याला औषध वाढल्याचं. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं होतं. या दोघांमध्ये एक फोन व्हायला हवा होता, आणि तो करणं हे कुणाचंच काम नव्हतं. शेवटी आईनेच धीर करून विचारलं, “औषधानेच झोपतोय का हो हा?” डोस बदलला, मूल जागं झालं. पण ते दोन महिने त्याला परत मिळायचे नाहीत.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ मध्ये एक साधी कल्पना मांडली: दीर्घ आजाराच्या किंवा अपंगत्व असलेल्या मुलाचे सगळे कागद एका जागी असावेत. त्याला त्यांनी मुलाचं ‘वैद्यकीय घर’ म्हटलं. पुढे त्या घराचा अर्थ वाढत गेला. नुसते कागद नकोत, त्या मुलाला ओळखणारी, सगळ्या तज्ज्ञांशी बोलणारी आणि घरच्यांना विचारून पुढचं ठरवणारी एक जबाबदार माणसांची तुकडी हवी, असं ठरलं. सुरुवात मात्र कागदांपासून, म्हणजे या पिशवीपासूनच झाली होती.

आपल्याकडे काहीच नाही असं कुणी म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात देशात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणजे हा कार्यक्रम आपल्याच जिल्ह्याच्या मातीतून निघाला. फिरतं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतं. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला विलंब, असे चार भाग धरून पथक मुलं शोधतं आणि पुढे पाठवतं. त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवर ‘डीईआयसी’ नावाचं केंद्र असावं, तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कान-वाचा तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, डोळे तपासणारा, विशेष शिक्षक आणि समाजसेवक एका छताखाली बसावेत, अशी आखणी आहे. आखणी उत्तम आहे. ज्याने ती केली त्याला या आईची वणवण ठाऊक होती.

अडतं ते ‘रेफर’ या शब्दापाशी. चिठ्ठीवर तो शब्द लिहिला की पथकाचं काम संपतं आणि बाईचं सुरू होतं. मूल पोचलं का, नंबर लागला का, तिसऱ्या खेपेनंतर येणं का थांबलं, हे तिच्या दारात येऊन कुणी विचारत नाही. मेंदू सर्वांत जोमाने वाढतो ती पहिली तीन वर्षं या येरझाऱ्यांत निघून जातात.

ही चार-दोन घरांची गोष्टही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या पाच ठिकाणची सुमारे चार हजार मुलं तपासली गेली. आपल्या शेजारचा उत्तर गोवा त्या पाचांत होता. २ ते ९ वर्षांच्या जवळजवळ दर आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण आढळली. त्यात कानाचे आणि डोळ्यांचे दोषही धरले आहेत, आणि सगळीच मुलं या मुलाइतकी अडलेली नसतात. तरीही पूर्णा, काल्हेर, कशेळी, राहनाळ या पट्ट्यातल्या गोदामांच्या मागच्या चाळी डोळ्यांसमोर आणा. परप्रांतातून आणि मराठवाड्यातून कामाला आलेली, सहा महिन्यांनी खोली बदलणारी कुटुंबं तिथे राहतात. ती मुलं कुणाच्या वहीत आहेत?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा आणि उपचारात प्राधान्य द्यायचं बंधन सरकारवर घातलं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी ‘निरामय’ ही वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतची विमा योजना आहे. तिच्यासाठी प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्रासाठी ठरलेल्या वारी वैद्यकीय बोर्डापुढे जावं लागतं, आणि अर्ज अर्धा भरलेला पिशवीत पडून आहे, कारण त्याच वारी फिजिओची पाळी येते. ही गाठ सोडवायला तज्ज्ञ डॉक्टर नको. दोन ठिकाणी फोन करून तारखा जुळवणारं माणूस पुरे.

असं माणूस नेमायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न निदान पूर्ण्यापुढे नसावा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची, असा राज्य सरकारचा आदेश आहे. ज्या गावाच्या शिवारात भातखाचरांच्या जागी गोदामं उभी राहिली, तिथे घरपट्टीचं उत्पन्न किती होत असेल ते गावकऱ्यांनाच माहीत. अनेक गावांत हा निधी मार्चअखेरीस थोडा थोडा वाटून संपवतात. हातात पडलेले ते पैसे कुणालाही नकोसे नसतात, पण त्याने मुलाचे पाय सैल होत नाहीत.

त्याच निधीतून गावातल्याच एका बारावी झालेल्या मुलीला मानधनावर नेमा. गावातल्या अशा प्रत्येक मुलाची एक वही ती ठेवील. कुठलं औषध, किती, कधी बदललं, पुढची तारीख कुठली, व्यायाम कुठला, शाळेत काय अडलं, सगळं मराठीत आणि एका जागी लिहिलेलं. सहीशिक्क्याचे कागद तिने मोबाईलवर उतरवून ठेवावेत. दोन दवाखान्यांच्या तारखा एका दिवशी आणाव्यात, महिन्यातून एकदा आईसोबत जावं, औषध बदललं की फिजिओला कळवावं. आशाताई तान्ह्या बाळांच्या घरी जातातच, बाळ उशिरा रडलं होतं का हे त्यांना सर्वांत आधी कळतं. त्यांनी या मुलीला सांगावं, तिने पथकाला. उरलेल्या रकमेतून महिन्याला काही ठरावीक दिवस गाडीभाडं द्यावं. मेट्रो ५ च्या स्थानकांत पूर्ण्याचं नाव आहे, तो मार्ग सुरू झाला की ठाणं जवळ येईल. तोवर त्या मुलाचं वय थांबणार नाही.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने हे करावं, ही मागणी आहेच आणि ती सोडायची नाही. पण गावाला त्यासाठी वाट बघत बसायचं कारण नाही. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नाही. पूर्ण्याच्या सरपंचांनी आणि सदस्यांनी ती येत्या सभेत घालावी, आणि त्या दिवशी गावातल्या अशा मुलांच्या आयांना निरोप धाडून बोलवावं. त्या आपापल्या पिशव्या घेऊन येतील. सभेत एकदा त्या उघडून बघाव्यात, एवढीच विनंती.