‘एकदा येऊन गेला’ या समजाची किंमत

देवी असोत, गोवर असो वा कांजिण्या. एकदा अंगावर येऊन गेल्या की माणूस जन्मभरासाठी सुटला, हा समज मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो अडाणीपणातून आलेला नाही. घरोघरीच्या अनुभवाने तो पक्का केला आहे आणि त्या रोगांपुरता बहुतांशी खराही आहे. मात्र कोरोनाच्या बाबतीत याच समजाने दगा दिला. पहिली लाट ओसरल्यावर ‘आम्हाला होऊन गेला, आता कसली भीती?’ हा प्रश्न नांदेड-लातूरच्या बाजारपेठांत, लग्नमंडपांत सहज विचारला जाऊ लागला. आणि मार्च २०२१ मध्ये नांदेड जिल्ह्यात २५ तारखेपासून पुन्हा टाळेबंदी जाहीर करण्याची वेळ प्रशासनावर आली.

वास्तविक सावध होण्याइतकी माहिती तोपर्यंत समोर आली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ७० जिल्ह्यांत रक्ततपासणीचे जे सर्वेक्षण केले, त्यात नांदेडचाही समावेश होता. डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मधील तिसऱ्या फेरीत देशभरात जेमतेम २१ टक्के लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे ‘सगळ्यांना होऊन गेला’ हेच मुळात खरे नव्हते. ज्यांना होऊन गेला होता, त्यांनाही कायमचे अभय मिळालेले नव्हते. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगमधील एका तरुणाला साडेचार महिन्यांनंतर पुन्हा लागण झाल्याचे सिद्ध झाले होते. पुढे याच परिषदेने १३०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन लागणींमध्ये किमान १०२ दिवसांचे अंतर आणि मध्ये एक निर्दोष अहवाल, अशी कठोर कसोटी लावूनही ५८ जणांना, म्हणजे साडेचार टक्के लोकांना, दुसऱ्यांदा लागण झाल्याचे आढळले.

असे का व्हावे? देवी किंवा गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यावर रोग प्रकट व्हायला दहा-बारा दिवस घेतो. तेवढ्या अवधीत शरीराची जुनी स्मृती जागी होते आणि शत्रूला वाटेतच गाठते. कोरोनाचा विषाणू नाका-घशात दोन-चार दिवसांतच बस्तान बसवतो. तेथे पहारा देणारी प्रतिपिंडे काही महिन्यांत विरळ होतात. त्यातच विषाणू रूप पालटत राहतो. त्यामुळे तो उंबरठा पुन्हा ओलांडतो. परंतु घरात शिरला म्हणजे घर जिंकले असे नव्हे. रक्तातील प्रतिपिंडे ओसरली तरी त्या शत्रूची ओळख जपणाऱ्या पेशी टिकून राहतात. २००३ मध्ये सार्स होऊन गेलेल्यांच्या शरीरात अशा पेशी १७ वर्षांनंतरही सापडल्या आहेत. या पेशी फुफ्फुसापर्यंतची मजल रोखतात.

लातूरकरांना हे वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर भूकंपरोधक घरे उभी राहिली. त्या घरांनी धरणीचे हादरे थांबवले नाहीत; हादऱ्यात छप्पर अंगावर येऊ नये एवढीच त्यांची हमी. प्रतिकारशक्तीची हमीही तेवढीच आहे, आणि ती थोडी नव्हे. जून-जुलै २०२१ पर्यंत देशातील दोन तृतीयांश लोकांत प्रतिपिंडे होती. तरीही जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनने घरोघरी खोकला पोहोचवला. पण बहुसंख्य लोक अंथरुणात चार दिवस काढून कामाला लागले. प्राणवायूसाठी २०२१ च्या एप्रिलमध्ये झालेली वणवण पुन्हा वाट्याला आली नाही. यात विषाणूच्या बदललेल्या रूपाचा वाटा होता, तसा लसीचाही होता.

म्हणूनच ‘लस घेऊनही झालाच ना?’ हा प्रश्न जितका चुकीचा, तितकाच ‘एकदा झाला, आता नाही’ हा दिलासाही फसवा. याच जोडीला एक कटू गोष्ट आपल्याच घरांत सांगायला हवी. तुळस, सुंठ, मिरी, दालचिनीचा काढा घशाला आराम देतो. तो जरूर घ्यावा. पण या विशिष्ट विषाणूची ओळख शरीराला करून देणे काढ्याच्या आवाक्यातले नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे लिहिलेल्या बाटल्यांच्या भरवशावर लस टाळणे म्हणजे परंपरेचा अभिमान नव्हे. देवीची लस युरोपात निघण्यापूर्वी बंगालमध्ये टीकादार घरोघर फिरून देवी टोचत असत, याची नोंद हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ मध्येच करून ठेवली आहे. शरीराला शत्रूची आधी ओळख करून द्यावी, हा विचार या भूमीला परका नाही.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू संपल्याचे नव्हे. तरुणाला तीन दिवसांचा ताप देणारी लागण त्याच घरातील मधुमेही आजोबांना किंवा उपचार घेणाऱ्या कर्करुग्णाला महागात पडू शकते. खोकला आला की तोंडाला मास्क लावावा, चार दिवस वडीलधाऱ्यांपासून दूर बसावे, त्यांच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्वतःला एकदा होऊन गेला म्हणून निर्धास्त झालेल्याने एवढे तरी आठवावे की, ते अभय त्याचे एकट्याचे आहे. शेजारच्या खाटेवरील म्हाताऱ्याचे नाही.