परिचयाची ओळ

दिवाळी अंकात सर्वांत शेवटी तयार होणारे आणि सर्वांत कमी वाचले जाणारे पान म्हणजे 'या अंकाचे लेखक'. कथा-कविता लागून झालेल्या असतात, मुखपृष्ठ छापून आलेले असते, जाहिरातदारांची मनधरणी संपलेली असते, आणि मग छापखान्यातून फोन येतो की तेवढे एक पान राहिले आहे. प्रत्येकाच्या वाट्याला दोन ओळी येतात: जन्मगाव, नोकरी, पुस्तके, पुरस्कार. यंदा या पानाने आम्हांला मुखपृष्ठापेक्षा जास्त अडकवून ठेवले, आणि तेही ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी भर रस्त्यात मारल्या गेलेल्या एका लेखकासाठी.

अंकात ब्रूनो शुल्ट्झच्या 'पक्षी' या कथेचा अनुवाद आहे. कापड दुकानाचा मालक असलेला बाप देशोदेशींहून पाखरांची अंडी मागवतो, ती उबवतो, सगळा माळा पक्ष्यांनी भरून टाकतो. आणि एके दिवशी घरची मोलकरीण आदेला झाडू घेऊन वर चढते. गोष्ट म्हणून एवढेच. वाचल्यावर मात्र आपल्याच घराच्या माळ्याकडे बघायची नजर बदलते. आमच्या अनुवादिकांनी सोबत परिचय पाठवला होता: 'विसाव्या शतकातील श्रेष्ठ पोलिश लेखक.' मुद्रितशोधकांनी 'पोलिश'खाली पेन्सिलीने रेघ मारून समासात लिहिले, 'गाव तर युक्रेनमध्ये दिसते.' संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दोन्हींवर फुली मारली. माणूस ज्यू म्हणून मारला गेला आणि परिचयात तेवढाच शब्द कसा नाही, असा त्यांचा सवाल होता. तिघांचेही म्हणणे खरे होते, हीच अडचण.

शुल्ट्झचा जन्म 12 जुलै 1892 चा, द्रोहोबिच गावचा. गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या गॅलिशिया प्रांतात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते पोलंडमध्ये आले. सप्टेंबर 1939 मध्ये तिथे सोव्हिएत फौजा आल्या, 1941 च्या उन्हाळ्यात जर्मन आले, युद्ध संपल्यावर ते सोव्हिएत युक्रेनचे झाले आणि 1991 पासून स्वतंत्र युक्रेनचे आहे. शुल्ट्झ 1924 पासून तिथल्याच शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवत होता. तो गावाबाहेर फारसा रमला नाही. सरकारेच त्याच्या दारी येत-जात राहिली. तेव्हा 'कुठल्या देशाचा' याचे उत्तर त्याच्या पायांवरून काढता येत नाही.

लेखणीवरून काढता येईल का? घरची भाषा पोलिश. जर्मन त्याला उत्तम येत होती. यिद्दिशमध्ये त्याने लिहिले नाही. 'दालचिनीची दुकाने' हा पहिला संग्रह 1933 च्या अखेरीस वॉर्सात निघाला तो कादंबरीकार झोफिया नाल्कोव्स्का यांच्या पाठिंब्यामुळे. दुसरा संग्रह 1937 साली आला आणि पुढच्याच वर्षी पोलिश साहित्य अकादमीने त्याला सुवर्ण लॉरेल दिले. म्हणजे पोलिश साहित्याने त्याला हयातीतच आपला म्हटले होते. पण त्याच दशकात पोलंडच्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवायला सुरुवात झाली होती, हेही त्याच पोलंडचे वर्तमान आहे.

इथे त्याच्या मैत्रिणीचे नाव घ्यायला हवे. देबोरा फोगेल ही ल्वूव शहरातली कवयित्री आणि कलासमीक्षक. 'दालचिनीची दुकाने'चा उगम शुल्ट्झने तिला लिहिलेल्या पत्रांत आहे. तीही पोलिश बोलणाऱ्या घरातच वाढली, पण मोठेपणी जाणीवपूर्वक यिद्दिश शिकली आणि कविता यिद्दिशमध्ये लिहू लागली. दोघांचा प्रांत एक, घरचे वळण एक, धर्म एक, आणि लेखनाच्या भाषा मात्र दोन. 1942 मध्ये ल्वूवच्या घेट्टोत तिलाही मारले. मारणाऱ्यांना दोघांत काही फरक दिसला नाही. आम्हांला दिसतो, आणि परिचयात तो यायला हवा. भाषा ही या दोघांनी स्वतः निवडलेली गोष्ट होती. त्यांच्याविषयीचे बाकी सगळे कोणा ना कोणा कचेरीत ठरले.

'ज्यू' या शब्दाचे काय? 1936 साली शुल्ट्झने ज्यू समाजाच्या नोंदवहीतून रीतसर नाव काढून घेतले. कॅथलिक असलेल्या युझेफिना शेलिन्स्काशी लग्न करायचे होते म्हणून. लग्न काही झाले नाही. त्याच्या कथांत दुकान आहे, बाप आहे, जुन्या करारातल्या प्रेषितांसारखा गरजणारा बाप आहे. पण 'आम्ही ज्यू' असे कुठे म्हटलेले नाही. एवढ्यावरून तो शब्द गाळावा असा युक्तिवाद झाला. जर्मन अंमल आला तेव्हा मात्र त्या नोंदवहीचा काडीचा उपयोग झाला नाही. आजी-आजोबा कोण, एवढेच पाहणारा तो कायदा होता. फेलिक्स लांडाऊ नावाच्या गेस्टापो अधिकाऱ्याने शुल्ट्झला 'उपयोगी ज्यू' म्हणून हाताशी धरले आणि आपल्या मुलाच्या खोलीच्या भिंतींवर परीकथांची चित्रे काढून घेतली. मोबदला म्हणजे थोडे अन्न आणि त्या अधिकाऱ्याची मर्जी असेपर्यंत जीव. वॉर्सातल्या मित्रांनी त्याच्यासाठी दुसऱ्याच ओळखीची, 'आर्य' असल्याची खोटी कागदपत्रे करवली होती. पळून जाण्याची तयारी चालली होती. 19 नोव्हेंबर 1942 ला, द्रोहोबिचच्या रस्त्यांवर ज्यूंना दिसतील तिथे मारले जात असताना, दुसऱ्या एका गेस्टापो अधिकाऱ्याने त्याला गोळी घातली. त्याचे थडगे कुठे आहे ते माहीत नाही. 'मसीहा' नावाच्या कादंबरीचे हस्तलिखितही सापडलेले नाही.

तर मग परिचयात फक्त 'ज्यू लेखक' लिहायचे, तर गेस्टापोच्या फायलीतले शीर्षक आपण आपल्या हाताने उतरवून घेतल्यासारखे होते. आणि न लिहायचे, तर सोव्हिएत स्मारकांसारखे होते. कीव्हजवळच्या बाबी यार दरीत सप्टेंबर 1941 मध्ये दोन दिवसांत 33,771 ज्यू मारले गेले, हा आकडा मारणाऱ्यांनीच नोंदवलेला आहे. तिथे 1976 साली उभारलेल्या स्मारकावर मात्र उल्लेख सोव्हिएत नागरिकांचा आणि युद्धकैद्यांचा. ज्या कारणासाठी माणसे मेली ते कारणच पुसून टाकायचे, ही काही उदारता नव्हे. शिवाय ज्यू असणे ही नाझींनी लावलेली चिठ्ठी थोडीच होती? ते शुल्ट्झच्या घराचे, बापाच्या दुकानाचे, शतकानुशतकांचे असणे होते. आदराच्या नावाखाली ते झाकायचे म्हणजे त्यात झाकण्यासारखे काही आहे हे मान्य करणे.

हा पेच सर्वांत चोख पकडला तो कवी यूलियन तुविमने. तोही पोलिशमध्ये लिहिणारा ज्यू, युद्धात अमेरिकेत पोचलेला. 1944 च्या आपल्या जाहीरनाम्यात त्याने दोन्ही बाजूंच्या वंशशुद्धीवाल्यांना एकदमच उत्तर दिले. मी पोलिश का, तर मला तसे आवडते म्हणून. आणि मी ज्यू, ते वंशाच्या रक्ताने नव्हे, तर सांडल्या गेलेल्या रक्ताच्या नात्याने, अशा आशयाचे. पण तुविम जिवंत होता, स्वतःचे नाव स्वतः सांगू शकत होता.

ज्यांना ते सांगता आले नाही त्यांच्या बाबतीत देशांचे वागणे पाहण्यासारखे आहे. इरेन नेमिरोव्स्की कीव्हमध्ये जन्मली, क्रांतीनंतर कुटुंबासह फ्रान्सला आली, फ्रेंचमध्ये लिहून नावारूपाला आली. तीसच्या दशकात तिने नागरिकत्व मागितले, फ्रान्सने दिले नाही. 1939 मध्ये ती कॅथलिक झाली. जुलै 1942 मध्ये फ्रेंच पोलिसांनीच तिला 'राज्यहीन ज्यू' म्हणून धरून नेले आणि महिनाभरात ती आउशवित्झला मेली. 2004 साली तिची अपुरी कादंबरी 'स्वीत फ्रान्सेझ' प्रसिद्ध झाली आणि तिला रनोदो हा मानाचा फ्रेंच पुरस्कार मिळाला. आता ती बिनदिक्कत फ्रेंच लेखिका आहे. त्याच वर्षी नेदरलंड्समध्ये 'सर्वश्रेष्ठ डच व्यक्ती' निवडण्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम झाला. त्यात ॲन फ्रँकचे नाव आले आणि लक्षात आले की ती कधी डच नागरिकच नव्हती. फ्रँकफुर्टला जन्मलेली जर्मन मुलगी, 1941 पासून राज्यहीन. रोजनिशी मात्र डच भाषेत. मरणोत्तर नागरिकत्व द्यावे अशी मागणी झाली, पण कायद्यात तशी सोय नव्हती. जिवंतपणी सही करायला हात उचलत नाहीत आणि नंतर हार घेऊन धावतात, हा अनुभव आपल्याला परका नाही.

ॲनला राज्यहीन करणारा हुकूम 25 नोव्हेंबर 1941 चा. जर्मनीबाहेर राहणाऱ्या सगळ्या ज्यूंचे जर्मन नागरिकत्व त्याने एका फटक्यात गेले. याची दुसरी बाजू आपल्या अहमदनगरात घडली आहे. हिटलरपासून पळालेले बरेच ज्यू डॉक्टर, व्यापारी, कलावंत तीसच्या दशकात मुंबईला आले होते. अनेकांच्या जर्मन पासपोर्टवर 1938 नंतर मारलेला लाल 'जे' शिक्का होता. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारने 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून जर्मन पुरुषांना धरले. त्यांत नाझी पक्षाचे सभासद होते तसे हे निर्वासितही होते. अहमदनगरच्या छावणीत दोघे एकाच तारेच्या कुंपणात. मुंबईच्या ज्यू रिलीफ असोसिएशनने खटपट केली, सरकारने चौकशी समिती नेमली, तेव्हा त्यांतले बरेच जण सुटले. जर्मनीच्या लेखी हे लोक जर्मन नव्हते, ब्रिटिशांच्या लेखी ते जर्मन सोडून दुसरे काही नव्हते. नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरूंनी ग्रंथ लिहिला हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच शहरातल्या या छावणीबद्दल मराठीत कोणी नीट लिहावे अशी आमची फार इच्छा आहे. पुढच्या अंकासाठी कोणी तयार असेल तर जरूर कळवावे.

शुल्ट्झच्या भिंतींचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. फेब्रुवारी 2001 मध्ये एका जर्मन चित्रपटकाराला ती चित्रे लांडाऊच्या जुन्या घरात, रंगाच्या थरांखाली सापडली. राजकन्या, बुटके, घोडागाडी. गाडी हाकणाऱ्याचा चेहरा शुल्ट्झचा स्वतःचा, असे अभ्यासक सांगतात. ज्यूंना गाडी हाकायलाही बंदी असलेल्या दिवसांत. मे महिन्यात जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेची माणसे आली आणि चित्रांचे काही तुकडे भिंतीवरून उतरवून इस्राएलला घेऊन गेली. ज्यू म्हणून मारल्या गेलेल्या कलावंताच्या अवशेषांवर आमचा नैतिक हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. पोलंड आणि युक्रेनमध्ये गदारोळ उठला. 2008 मध्ये करार झाला: मालकी युक्रेनची, चित्रे वीस वर्षांसाठी याद वाशेमकडे उसनी. उरलेले तुकडे द्रोहोबिचच्या संग्रहालयात आहेत आणि 2004 पासून त्या गावात दर दोन वर्षांनी शुल्ट्झच्या नावाने महोत्सव भरतो. आमच्या मंडळातही काही सहकारी इस्राएलच्या बाजूने बोलत होते. या टप्प्यावर ते थोडे शांत झाले. आमचे मत विचाराल तर तुकडे जागचे हलवायला नको होते. त्या गाडीवानाला आपल्याच गावात राहू द्यायला हवे होते.

या निमित्ताने आम्ही आमचे लेखक-पान नव्याने वाचले आणि थबकलो. काही जण नुसते 'कवी' होते, 'कथाकार' होते. काही 'दलित कवी', 'आदिवासी लेखिका', 'मुस्लिम मराठी साहित्यिक'. नुसते कवी असणाऱ्यांना जात-धर्म नव्हते असे नाही. ते सांगायची गरज कोणाला वाटली नव्हती. निसिम इझिकेल यांना आपण भारतीय इंग्रजी कवी म्हणतो, बेने इस्राएल ज्यू म्हणतो, मुंबईकर म्हणतो. कुठल्याही क्रमाने म्हटले तरी वाद होत नाही, कारण त्यापायी इथे कोणी त्यांचा जीव मागितला नव्हता. ज्या विशेषणापायी माणसाला सोसावे लागते तेच विशेषण जड होते. म्हणून आम्ही सरळ प्रत्येकाला फोन केला. एका कवयित्रींनी 'दलित' हा शब्द काढला तर कविताच परत घेईन असे ठणकावले. तो त्यांनी लढून मिळवला आहे. एका कथाकारांना तोच शब्द नको होता. दोघांचेही जसेच्या तसे ऐकले. पानाला एकसारखेपणा राहिला नाही, तो राहू नये असेच आम्हांला वाटते.

शुल्ट्झच्या बाबतीत 'पोलिश-ज्यू' ही जोडरेघ सोयीची होती, पण तीत माणूस निम्मा-निम्मा मोजून दिल्यासारखा वाटतो. शेवटी विशेषण टाळून क्रियापदे वापरली. पान 214 वर छापले आहे ते असे: 'ब्रूनो शुल्ट्झ. जन्म 1892, द्रोहोबिच, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी, आज युक्रेन. ज्यू व्यापाऱ्याच्या घरात जन्मला. पोलिशमध्ये लिहिले. शाळेत चित्रकला शिकवली. जर्मन अंमलात, ज्यू असल्याबद्दल, 1942 मध्ये त्याच गावात मारला गेला.' इतरांना दोन ओळी, त्याला चार. मांडणीकारांनी त्यासाठी एका सराफाची जाहिरात अर्ध्या इंचाने आखडली, आणि सराफांनी उदार मनाने ते चालवून घेतले. अनुवादिकांना मात्र हे अजून मान्य नाही. पोलिशमध्ये लिहिले हे वाक्य पहिले हवे, जन्म आणि मृत्यू नंतर, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी ते कथेच्या आधीच्या टिपणात स्वतःच्या सहीनिशी मांडले आहे. आधी ते वाचा, मग कथा वाचा, आणि फराळाची ताटे आवरून झाली की आम्हांला लिहा.