बंद केबिनमधला अपमान

१९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांच्या टेबलावर शिपाई दुरूनच फायली फेकत. आज फायली हातात दिल्या जातात. पण 'कोट्यातला' म्हणून कुजबुज, चहाच्या वेळी टाळाटाळ, महत्त्वाचे टेबल न देणे आणि गोपनीय अहवालात 'साधारण' शेरा, हे प्रकार अनेक कार्यालयांत चालूच आहेत. अशा वातावरणात कामसू माणूसही खचतो आणि मग त्याच्या खचण्यालाच अकार्यक्षमता म्हटले जाते.

कायदा काय सांगतो? सरकारी कर्मचाऱ्याला प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात ठरवले. २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब झाले. अॅट्रॉसिटी कायद्यात मात्र अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. साक्षीदाराविना चार भिंतींआड केलेला अपमान त्यातून निसटतो, हे २०२० च्या हितेश वर्मा निकालाने स्पष्ट केले. साहेब केबिनचे दार का लावतात, ते यावरून समजावे.

म्हणून बांधवांनो, शेऱ्याची प्रत मागा, मुदतीत अभिवेदन द्या, प्रत्येक अर्जाची पोच घ्या. कर्मचारी संघटनांनीही जयंतीपुरते न उरता एकट्या पडलेल्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे. स्वाभिमान गहाण ठेवून केलेली नोकरी म्हणजे पगारी गुलामगिरीच!