शाबासकीचे वावडे

प्रयोगशाळेतील उंदराला शेपटीने उचलण्याऐवजी नळीतून किंवा ओंजळीतून उचलले तर तो कमी घाबरतो, हे लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवून दिले. शोध किरकोळ वाटेल. परंतु भेदरलेल्या प्राण्यावरून काढलेले निष्कर्षही डळमळीतच असतात. ब्रिटनमध्ये २००४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्राने अशा संशोधनासाठी स्वतंत्र पारितोषिकच ठेवले.

आपल्याकडे काय आहे? १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, त्याच्या कलम १५ मधील समिती, १९९८ चे नियम, संस्थांतील नीतिसमित्या; नोंदणी, परवानगी, तपासणी. ही यंत्रणा हवीच. पण तिला जाब विचारता येतो, पाठ थोपटता येत नाही. पिंजऱ्याची रचना सुधारणारा, कमी प्राण्यांत तेच उत्तर मिळवणारा शास्त्रज्ञ बढतीच्या वेळी शोधनिबंधांच्या संख्येवरच मोजला जातो. मग ती खटपट त्याने का करावी? (प्रोत्साहनाचा हा धडा अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवतात.)

‘भूतदयेला बक्षीस कशाला?’ असे एका सहकाऱ्याने मला विचारले. बक्षीस दयेला नकोच. ते पद्धतिशास्त्राला द्यावे. २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार सुरू केले. त्यांत विज्ञानरत्न, विज्ञानश्री, युवा आणि चमू असे चार प्रकार आहेत. संस्थाप्रमुखांनी यंदा आपल्या प्राणिगृहातील एक तरी नाव तिथे सुचवावे. त्यासाठी नवा निधी लागत नाही, नवे मंत्रालय तर नाहीच.