नाचायला सव्वाशे किलोमीटर



गेल्या महिन्यात आपल्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एक ठराव आला. जी मुलेमुली शनिवारी रात्री गोव्याला डान्सला जातात आणि रविवारी सकाळी मिस्सेला दिसत नाहीत, त्यांना वर्षभर वाचनाची सेवा द्यायची नाही आणि गायनमंडळातही घ्यायचे नाही. मतदान पुढच्या बैठकीत आहे. ठराव मांडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी शेवटी एक वाक्य टाकले आणि सगळ्या खोलीने माना डोलावल्या: "नाचायला सव्वाशे किलोमीटर जातात, मिस्सेला दोन किलोमीटर येववत नाही!"

हे वाक्य आम्हीही वापरले आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात, दृढीकरणाच्या तयारीला बसलेल्या मुलांसमोर, एकदा नव्हे, जवळजवळ दरवर्षी. टाळीचे वाक्य आहे. मुले खाली बघतात, आईबापांना बरे वाटते आणि आपण काहीतरी शिकवले असे आम्हाला वाटते. आज ते वाक्य आम्ही परत घेत आहोत. ठरावालाही आमचा विरोध आहे, हे आधीच सांगून टाकतो.

रविवारची मिस्सा चुकली तर बिघडले काय, असे आम्ही म्हणत नाही. तसे कुणी आमच्या नावावर खपवू नये. पहाटे तीन वाजता, डोळ्यांवर झोप घेऊन, दोघे-तिघे मोटारसायकलवरून चोर्ला घाट चढतात तेव्हा घरी जागणाऱ्या आईच्या पोटात जो गोळा येतो, तो खरा आहे. त्यावर मुलांशी कडक शब्दांत बोलावे, आम्हीही बोलतो. पण ठरावात घाटाचा उल्लेख नाही, दारूचा नाही. ठराव उभा आहे तो एका समजुतीवर: नाचासाठी जो इतक्या लांब जातो, तो उथळ असतो आणि त्याला देवाची ओढ नसते.

नाचासाठी माणसे किती लांब जातात, याची आपल्याला नीट कल्पना तरी आहे का? सव्वाशे किलोमीटर काहीच नाही. टोकियोहून ब्यूनस आयर्सला जायचे म्हणजे सुमारे अठरा हजार किलोमीटर, जवळजवळ पृथ्वीची दुसरी बाजू. विमाने बदलत एक दिवसाहून जास्त लागतो. तरी जपानमधून माणसे वर्षानुवर्षे तिथे टँगो नाचायला जात आहेत. २००९ साली टँगोच्या जागतिक स्पर्धेत सलोन प्रकाराचे विजेतेपद एका जपानी जोडप्यानेच मिळवले. पण जाणाऱ्यांतले बहुतेक स्पर्धेसाठी जातच नाहीत. ते जातात मिलोंगाला. मिलोंगा म्हणजे साध्या हॉलमध्ये भरणारी नाचाची बैठक. भिंतीकडेने टेबले, मध्ये मोकळी फरशी, रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी.

तिथली रीत ऐकण्यासारखी आहे. कुणी कुणाच्या टेबलापाशी जाऊन हात धरत नाही. लांबूनच नजर द्यायची. समोरच्याने नजरेला नजर दिली आणि मान हलवली, की उठायचे. नको असेल त्याने नजर दुसरीकडे वळवायची. चारचौघांत कुणाचा अपमान होत नाही. तीन-चार गाण्यांचा एक गट असतो, तो संपला की वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो, फरशी रिकामी होते, सगळे आपापल्या जागी बसतात आणि पुढच्या गटाला नवा जोडीदार. ओळखीच्यालाच रात्रभर चिकटून बसायचे नाही, याची सोय रीतीतच करून ठेवलेली आहे. (नवख्याला कधीकधी रात्रभर खुर्चीतच बसून राहावे लागते, हेही खरे. तिथे काही स्वर्ग नाही.)

या नाचाविरुद्ध रोमच्या कार्डिनल व्हिकरांनी १९१४ च्या जानेवारीत कडक पत्र काढले होते. जवळजवळ एकशे एक वर्षांनी, १७ डिसेंबर २०१४ ला, ब्यूनस आयर्समध्ये वाढलेल्या एका माणसाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून टँगो नाचणारी शेकडो जोडपी संत पेत्राच्या चौकापाशी जमली. तो माणूस म्हणजे पोप फ्रान्सिस. तरुणपणी आपण टँगो नाचत होतो, आपल्याला तो मनापासून आवडतो, हे त्यांनी कधी लपवले नाही.

दुसरे उदाहरण स्वीडनचे. स्टॉकहोमच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर हेर्रेंग नावाचे चिमुकले गाव आहे. १९८२ पासून उन्हाळ्यात तिथे लिंडी हॉप नाचाचे शिबिर भरते. अनेक देशांतून माणसे येतात, तंबूत राहतात, शाळेच्या इमारतीत दाटीवाटीने झोपतात. लिंडी हॉप जन्मला न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, काळ्या लोकांमध्ये. १९२६ साली उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचत, त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती. पुढे संगीत बदलले, बॉलरूम १९५८ मध्ये बंद पडली. तिथला एक मोठा नर्तक फ्रँकी मॅनिंग पोस्टखात्यात लागला आणि तीसेक वर्षे तिथेच नोकरी केली. त्याच्या नाचाविषयी कुणी विचारत नव्हते. मग १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाची आणि स्वीडनची काही तरुण मुले त्याला शोधत आली. आम्हाला शिकवा म्हणाली. सत्तरी ओलांडलेला तो म्हातारा पुन्हा फरशीवर उतरला, १९८९ पासून हेर्रेंगला जाऊ लागला आणि २००९ साली वारला, तोवर शिकवतच होता.

हे वाचले आणि आमच्या मनात एक नकोसा प्रश्न आला. आपल्या धर्मग्रामात असे कोण आहे, ज्याला शोधत एखादा तरुण समुद्र सोडा, मार्केट यार्ड तरी ओलांडून येईल?

वर्गातल्या एका मुलीला आम्ही विचारले होते, गोव्याला असते तरी काय गं? रागावूनच विचारले होते. वडिलांच्या बदलीमुळे हे कुटुंब दोन वर्षांपूर्वी इथे आले. ती म्हणाली, "टीचर, पहिल्यांदा गेले तेव्हा मला जाइव्ह येत नव्हता. मैत्रिणीच्या गावच्या फेस्ताचा डान्स होता. मी कोपऱ्यात उभी होते. एक आजोबा आले, साठीच्या पुढचे, हात पुढे केला, म्हणाले, चल बाय, मी शिकवतो. मग त्यांच्या बायकोने मला जेवायला बसवलं." थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "इथं शांतिचिन्हाच्या वेळी सगळे हात जोडतात की. मिस्सा संपल्यावर कोण विचारतंय?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. तिला आम्ही दोन वर्षे दर रविवारी दहा आज्ञा, सात संस्कार, पवित्र आत्म्याची दाने शिकवत होतो. तिचे कुटुंब कुठे राहते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

ठरावाच्या बाजूने बायबलचे दाखले दिले गेले, त्यांना उत्तर द्यायला हवे. हेरोदाच्या मेजवानीतल्या नाचापायी योहान बाप्तिस्त्याचे शिर गेले. सोन्याच्या वासराभोवती लोक नाचले. खरे आहे. पण लाल समुद्र ओलांडल्यावर मिर्यामही डफ घेऊन नाचली आणि तिच्यामागे सगळ्या स्त्रिया. कराराचा कोश नगरात येताना दावीद राजा सर्व बळानिशी नाचला. मीखल खिडकीत उभी राहून बघत होती आणि मनातून त्याला तुच्छ लेखत होती. त्या प्रसंगात नाव खाली गेले ते खिडकीतल्या बाईचे.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला मुलगा तर आपण सगळ्यांनी पुन्हा वाचावा. धाकटा दूरदेशी गेला होता आणि तिथून चालत आला. थोरला शेतातून घराजवळ आला. त्याला घरातले संगीत आणि नाच ऐकू आला, त्याने नोकराला विचारले आणि तो दाराबाहेरच थांबला. सगळ्यात कमी अंतर त्याचे होते. शेवटी बापालाच बाहेर येऊन त्याची मनधरणी करावी लागली. आमच्या बैठकीत या अध्यायाचे नाव कुणी काढले नाही.

मग आर्सच्या संत जॉन व्हियान्नींचे नाव निघाले. धर्मगुरूंचे आश्रयदाते संत, आणि नाचाचे कट्टर विरोधक. हा दाखला मात्र वजनदार आहे, तो टाळता येणार नाही. १८१८ साली ते आर्सला आले. गाव जेमतेम अडीचशे वस्तीचे. नाच सोडत नाही त्याला ते पापक्षमा नाकारत. चर्चमधल्या संत योहानाच्या कपारीवर त्यांनी लिहवून घेतले होते की, या शिराची किंमत एक नाच होती. आमचे म्हणणे ऐकले असते तर त्यांनी आम्हालाही खडसावले असते, याची आम्हाला खात्री आहे.

पण पुढचेही वाचा. हेच व्हियान्नी दिवसाचे बारा-बारा, उन्हाळ्यात सोळा-सोळा तास पापनिवेदनाच्या खोपटात बसत. सगळ्या फ्रान्समधून लोक त्यांच्याकडे येऊ लागले, अखेरच्या वर्षांत तर वर्षाला हजारोंच्या संख्येने. पाळी यायला दिवसच्या दिवस थांबावे लागे. लियाँच्या स्टेशनावर आर्ससाठी वेगळी खिडकी काढून आठ दिवसांचे परतीचे तिकीट द्यावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. त्यांनी नाच बंद करायला सांगितला खरा, पण मध्यरात्री उठून, कंदील घेऊन, आलेल्या प्रत्येकासाठी ते स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले. आपण त्यांच्याकडून फक्त बंदी उचलतो. त्यांचा ठराव आपल्याला हवा आहे, त्यांची बैठक नको आहे.

लांब जाण्याचे आपल्याला वावडेही नाही. नोव्हेंबरअखेर आपल्यातले कितीतरी जण संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला जुन्या गोव्याला पायी जातात. तोच घाट, तोच सव्वाशे किलोमीटरचा हिशेब. आल्यावर सांगतात काय? कुणी चहा पाजला, कुणी अंगणात झोपायला चटई दिली, अनोळखी बाईने फोडांवर तेल लावले. महाप्रसादासारखे सांगतात. नोव्हेनातल्या प्रवचनाबद्दल क्वचितच कुणी बोलतो. आम्ही स्वतः दोनदा चाललो आहोत, आम्हालाही चटईच आठवते. म्हणजे माणूस कशासाठी चालतो, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. मुलांच्या बाबतीत तेवढे आपण विसरतो.

वाचनसेवा काढून घेतली तर काय होईल, ते आम्ही वर्ग घेणारे सांगू शकतो. ज्या मुलांचे चर्चमध्ये काही काम आहे, ती उशिरा का होईना, येतात. काम काढून घेतले की यायचे कारणच उरत नाही. पूर्वी आपल्या हॉलमध्ये नाताळानंतरच्या शनिवारी सोशल व्हायचे. म्हातारे वॉल्ट्झ नाचायचे, पोरे त्यांच्या पायांत लुडबुडायची. आवाजाच्या तक्रारी झाल्या, दोन पोरे पिऊन आली, आणि सोशल कायमचे बंद झाले. पोरांना घरी पाठवून सोशल चालू ठेवता आले असते. ते कुणाला सुचले नाही, आम्हालाही नाही. त्यानंतरच आपली मुले घाट उतरायला लागली. आता तिथे खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या आहेत.

आमची मागणी फार नाही. ठराव मागे घ्यावा. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, ती आपल्याकडे सुरू करावी अशी फादरांना विनंती करावी. मुले डान्सला गेली तरी ख्रिस्ताला भेटून जातील. गोव्यातल्या चर्चमध्येही रविवारी मिस्सा असते, हे त्यांना कुणीतरी ओरडल्याशिवाय सांगावे. आणि नाताळानंतरचा शनिवार हॉलला परत द्यावा. रात्री अकराला बंद, बाटली आत नाही, दारावर आम्ही धर्मशिक्षक उभे राहू. वाकडे पाऊल पडले तर आधी आम्हाला जाब विचारा.

बैठक येत्या रविवारी नऊच्या मिस्सेनंतर हॉलच्या मागच्या खोलीत आहे. आम्ही ठरावाविरुद्ध हात वर करणार. एकटे पडलो तरी करणार. ज्यांना यायचे आहे त्यांनी यावे, बाजूने असोत वा विरुद्ध. मात्र तिकडे वळण्याआधी पाच मिनिटे थांबा. उजव्या हाताला खांबामागच्या बाकावर जे कुटुंब दोन वर्षे बसते आहे, ते मिस्सा संपताच बाजूच्या दाराने निघून जाते.