गिटारवाला दुसऱ्याच मांडवात

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात व्यापारी प्रदर्शनाला जेमतेम चार ओळी मिळतात. 'विक्रीवृद्धीची साधने' या मथळ्याखाली नमुने, सवलतीची कुपने आणि शेवटी प्रदर्शन. परीक्षेत दोन गुणांची टीप आली तर आली. मला हे पटत नाही. ताळेबंद वर्ष संपल्यावर हाती येतो. पण कारखानदार आपला स्टॉल कोणत्या मांडवात लावतो, यावरून तो कोणाला गिऱ्हाईक समजतो ते आधीच दिसून येते.

अमेरिकेतील गिब्सन कंपनीचेच पाहा. १९०२ साली मिशिगन राज्यातील कालामाझू गावी ही कंपनी निघाली आणि पुढे नॅशव्हिलला गेली. तिची 'लेस पॉल' गिटार १९५२ सालची. बी. बी. किंग यांची प्रसिद्ध 'ल्युसिल' गिब्सनचीच. अमेरिकेत वाद्यांच्या व्यापाऱ्यांचे 'नॅम' नावाचे प्रदर्शन दर वर्षी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम शहरी भरते. दुकानदार तिथे येऊन नवी वाद्ये हाताळतात आणि मागण्या नोंदवतात. जानेवारी २०१८ मध्ये गिब्सन तिथे गेलीच नाही. त्याच महिन्यात लास व्हेगासला दूरचित्रवाणी संच, ध्वनिवर्धक, फोन अशा विद्युत उपकरणांचे 'सीईएस' हे जंगी प्रदर्शन भरले, तिथे मात्र तिचा स्टॉल होता. १ मे २०१८ रोजी कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयात धाव घेतली. डोक्यावर कर्ज होते सुमारे ५० कोटी डॉलर.

गिटारी खपेनाशा झाल्या होत्या काय? तसे म्हणणारे होते. रॉक संगीताचे दिवस संपले वगैरे. परंतु न्यायालयापुढील कागदपत्रांनुसार कंपनी वर्षाला १ लाख ७० हजारांहून अधिक गिटारी विकत होती, आणि २ हजार डॉलरवरच्या विद्युत गिटारींत तिचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त होता. रोग होता दुसरीकडे. २०१४ साली गिब्सनने फिलिप्स कंपनीचा घरगुती ध्वनियंत्रांचा धंदा साडेतेरा कोटी डॉलरला, कर्ज काढून घेतला. वाद्याचा कारखाना न राहता संगीताशी संबंधित सर्व काही विकणारी कंपनी व्हायचे, हा तिचा मनोदय होता.

पुढचा भाग आमच्या वर्गात फळ्यावर मांडावा असा आहे. उधारीवर माल देणारे पुरवठादार तिकडे त्या उधारीचा विमा उतरवतात. विमा कंपन्यांनी या नव्या धंद्याच्या बाबतीत हात आखडता घेतला. मग पुरवठादार उधार देईनात. रोख नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून रोख नाही! त्यात साडेसदतीस कोटी डॉलरचे रोखे ऑगस्ट २०१८ मध्ये फेडायचे होते. कानडीत कर्जाला 'साल' म्हणतात आणि मराठीत साल म्हणजे वर्ष; गिब्सनची ती चार साले दोन्ही भाषांत खरी ठरली.

कंपनीचे प्रमुख हेन्री जस्कीविझ यांना मूर्ख ठरवायला मी तयार नाही. १९८६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह बुडायला आलेली ही कंपनी अवघ्या ५० लाख डॉलरना घेतली आणि सावरली. हार्वर्डमध्ये शिकलेला माणूस. पण २०१५ च्या बहुतेक विद्युत गिटारींवर त्यांनी आपोआप सूर लावणारे यंत्र बसवले आणि किमती वाढवल्या. वादकाला सूर स्वतःच्या कानाने लावायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितले नसेल का? दुकानदार कुरकुरत होते. ती कुरकुर ऐकण्याची जागा अ‍ॅनाहाइमच होती. दिवाळखोरीतून वाट काढताना ध्वनियंत्रांचा धंदा मोडीत निघाला, गिटारींचा तगला. नव्या मालकांनी जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा 'नॅम'मध्ये स्टॉल मांडला.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या वडिलांच्या दुकानात बसणार. 'धंद्याचे विविधीकरण' हा शब्द आपण इथून घरी घेऊन जाणार आहोत, म्हणून हे लिहिले. शिवाय मिरज बेळगावहून फार लांब नाही. तिथल्या सतारमेकरांना कोणीही सल्ला देतो: मोठ्या प्रदर्शनात जा, शोभेच्या छोट्या सतारी करा, जग जवळ आले आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर अशा सल्ल्यांना ऊत आला असावा. मानांकनाचा मला आनंदच आहे. दुसऱ्या गावच्या मालावर मिरजेचे नाव लावणाऱ्याला त्याने आळा बसेल. प्रदर्शनालाही माझा विरोध नाही. पण तानपुऱ्याची पारख जवारीवर होते. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवला की नाद बदलतो, आणि हा फरक ऐकायला शांतता लागते. शेजारी मिक्सर आणि मसाज खुर्च्या विकणारा ओरडत असताना तो कोणाला ऐकू येणार? धारवाड-हुबळीकडचा गवई मिरजेच्या दुकानात मांडी घालून बसतो, 'अजून थोडी मोकळी करा' म्हणतो, आणि कारागीर पुन्हा कानस उचलतो.