विटाळ गेला कोठे?

घरातला देव्हारा आपण उचललात; ‘बाजूस बसण्याचा’ कोपरा मात्र तसाच असेल, तर विटाळ गेला कोठे? मासिक पाळीवरून स्त्रीला दूर लोटणे ही घटनेच्या 17 व्या कलमाने निषिद्ध केलेली अस्पृश्यताच होय, असे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी शबरीमला निकालात 2018 साली लिहिले आहे.

कर्जतहून पहाटेच्या लोकलने मुंबईस जाणारी मुलगी टॅम्पॉन वापरू म्हणते, तोच घरात ओरड होते: कौमार्य जाईल! कौमार्य पडद्यावरून ओळखताच येत नाही. बलात्कारपीडितेवरील दोन बोटांची चाचणीदेखील सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली अशास्त्रीय ठरविली.

हे वकिलाने सांगावे काय? सांगावे, अज्ञानाचा दंड मुलीच भरतात. हात साबणाने धुवावेत. स्रावाला पुरेल असा कमीत कमी शोषणाचा टॅम्पॉन घ्यावा. अंग सैल सोडून तो कमरेच्या रोखाने तिरपा सारावा, दोरी बाहेर ठेवावी. टोचत असेल तर तो पुरेसा आत गेलेला नाही. चार ते आठ तासांत बदलावा. प्रवासासह दिवस बारा तासांचा होतो, म्हणून पिशवीत दुसरा हवाच. एकाएकी ताप, वांती, भोवळ, लाल पुरळ दिसल्यास तत्काळ काढून डॉक्टर गाठावा आणि टॅम्पॉन होता हे स्पष्ट सांगावे. टॉक्सिक शॉक विरळा, पण जीवघेणा आहे.

वापरलेला कागदात गुंडाळून पेटीत टाकावा. स्थानकाच्या शौचालयात पेटी वा पाणी नसेल, तर रेल्वेकडे लेखी अर्ज करा. मसुदा मी विनामूल्य लिहून देईन.